डॉर्सीचा गळा

डेटन, ओहायो
४ मार्च १९६२

प्रिय लोरीनताई,

तुझं नाताळचं पत्र अजून खिशात आहे आणि उत्तर आज देतोय. त्याबद्दल ज्या काय शिव्या द्यायच्या त्या मलाच दे, एस्टिलला तेवढाच विसावा. नवरा झाला म्हणून माणसाने किती ऐकावं!

इकडे ठीक. कारखान्यात फ्रीजची दारं बसवतो. दिवसाला चारशे दारं, आणि एकाच्याही आत खायला काही नाही. वांडाला सहावा लागलाय, जूनअखेरची तारीख दिलीय. तिला रात्रंदिवस लोणच्याच्या काकड्या हव्या असतात.

आता कामाचं. गेल्या रविवारी गावाकडून आलेला आपला ओकी भेटला. म्हणाला, बाबांचं पुलाचं गाणं तुम्ही हल्ली ए पट्टीत म्हणता. मी म्हटलं, ओक्या, तुझे कान तपास. ते गाणं बाबांनी बी पट्टीत बांधलं, बीमध्येच म्हटलं, आणि त्यांच्यामागे मी नि दादाने बीमध्येच म्हटलं. मी खालून चाल धरायचो, दादा वरचा सूर लावायचा, आणि ऐकणाऱ्यांच्या हातातला घास हातातच राहायचा. ए म्हणजे एक अख्खा सूर खाली! त्यापेक्षा शिट्टीवर वाजवा.

खरं काय ते लिही. बँडमध्ये माझ्या जागी घेतलेल्या त्या कात्रीवाल्या डॉर्सीला झेपत नाही का? तीन वर्षांपूर्वी मी निघालो तेव्हा दादा म्हणाला होता, "खुशाल जा, गिटारवाले झाडाला लागतात." कसलं झाड ते आता दिसतंय.

तुझा
व्हर्नल


लिक फोर्क, व्हर्जिनिया
१८ मार्च १९६२

व्हर्नल,

पत्र तीन महिन्यांनी, त्यातही निम्मी उलटतपासणी. तू पोलिसात का नाही गेलास?

वांडाला म्हणावं, काकड्या खा पण वर दूध पिऊ नकोस. आणि तिला जिना चढू देऊ नकोस.

मंडळी आहेत तशीच आहेत. हॉबर्टमामाला एकाहत्तरावं लागलं. फिडल आता हनुवटीखाली धरत नाही, छातीवर टेकवतो आणि डोळे मिटून घेतो. झोपला की वाजवतोय ते धून चुकली तरच कळेल, आणि ती चुकत नाही. एस्टिल दिवसभरात माझ्याशी बोलत नाही एवढं बँजोशी बोलतो. मी मागे माणसाएवढा उंच बेस घेऊन उभी. तुम्हा सगळ्यांच्या पाठी बघण्यात माझी अठरा वर्षं गेली. शनिवारी दुपारी रेडिओवर अजूनही पाच जणांत मिळून एकच मायक्रोफोन आहे. ज्याची पाळी तो पुढे, झाली की मागे. परवा एस्टिलचं कोपर मामाच्या चष्म्याला लागलं, आणि ते अख्ख्या तालुक्याने ऐकलं.

गाण्याचं म्हणशील तर ओकीचे कान शाबूत आहेत. त्याने नाताळात ऐकलं तेव्हा एच होती, जानेवारीपासून तर आम्ही ते आणखी खाली, जीमध्ये म्हणतोय. डॉर्सीच्या गळ्याचं काहीतरी झालंय. दिवसभर दुकानात केसांची धूळ, पावडर, व्हायचंच. दादा म्हणाला, चांगला माणूस आहे, सांभाळून घेऊ. मला तर बरंच झालं. बीमध्ये बेसची एक तार मोकळी सापडत नाही, बोटांची सालटी निघतात. एस्टिलनेही बँजोच्या मानेला लावायचा चिमटा, तो कॅपो, काढून पेटीत टाकलाय. जीमध्ये त्याची गरजच पडत नाही.

दादा बरा आहे. खाण बंद झाल्यापासून घरीच असतो. वहिनी गेल्यावर जेवायला आमच्याकडे येतो ते तुला माहीतच आहे. अजून माझ्या बीन्सना नावं ठेवतो, म्हणजे बराच असणार.

लोरीन


लिक फोर्क
१८ मार्च, दुपार
(न टाकलेलं)

व्हर्नल,

आत्ताच तुझं पाकीट चिकटवलं. त्यात डॉर्सीच्या गळ्याबद्दल लिहिलंय ते खोटं आहे. डॉर्सीचा गळा ठणठणीत आहे. छाती दादाची गेलीय.

आमच्या फाटकापासून दारापर्यंत अकरा पायऱ्या आहेत. दादा चौथीवर थांबतो आणि बुटाची नाडी बांधायला वाकतो. ती नाडी रोज चौथ्याच पायरीवर सुटते. मी खिडकीतून बघते आणि भांड्यांचा आवाज करत राहते, म्हणजे त्याला वाटावं माझं लक्ष नाही.

खाणीचा डॉक्टर म्हणाला दमा आहे, सिगारेट सोडा. दादाने जन्मात सिगारेट ओढली नाही. मग एस्टिल त्याला पलीकडे केंटकीत दुसऱ्या एकाकडे घेऊन गेला. त्याने पाठीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. म्हणाला, बावीस वर्षांचा कोळसा आत बसलाय, यावर औषध नाही, निदान गाणं तरी बंद करा. दादाने टोपी घातली आणि म्हणाला, "ते मेल्यावर आपोआप होणार होतं, त्यासाठी तुमची फी कशाला?"

मला तर ते डॉक्टरच्या आधी कळलं होतं. माझा बेस 'धूम' म्हणतो आणि त्याचं मँडोलिन 'चक' म्हणतं, त्या दोघांवर अख्खा बँड चालतो. डिसेंबरात त्याचा चक मागे पडायला लागला. मी धूम हळू केला. मग मामाने हळू केलं, एस्टिलने केलं. मग पट्टी उतरली. बीची ए झाली, एची जी झाली.

त्याने मला बायबलवर हात ठेवायला लावला. "व्हर्नलला कळलं तर काम टाकून येईल. बायको पोटुशी आहे त्याची." लोकांना काय सांगायचं ते ठरत नव्हतं, तर डॉर्सीच म्हणाला, "माझं नाव सांगा ना. माझ्या गळ्याचं कोणाला काय पडलंय?"

हे तुला लिहून काय करू? तू तिथून काय करणार आहेस? मी इथे असून काय करतेय? धूम हळू करतेय.


डेटन
२ एप्रिल १९६२

दादा,

ताईकडून सगळं कळलं. जी! बाबांचं गाणं जीमध्ये! आणि कशासाठी, तर एका कात्रीवाल्याच्या गळ्यासाठी. नाचता येईना अंगण वाकडं, एवढं तरी ठीक होतं. तुम्ही तर त्याच्यासाठी अंगणच खणून खाली नेलंत.

दादा, तू तोच ना रे, ज्याने मला बाराव्या वर्षी थंडीत ओट्यावर उभं करून तेच कडवं चाळीस वेळा म्हणायला लावलं होतं? मी म्हटलं होतं, एक सूर खाली घेऊ या, घसा दुखतोय. तू म्हणालास, "हे गाणं खाली येत नाही. तू वर ये." मी आलो वर. मग त्याला का नाही येता येत?

मेअखेर कबरी सजवायचा रविवार आहे. मला सुट्टी नाही. रजा मागितलेल्या तिघांच्या जागी दुसऱ्याच दिवशी दुसरे उभे होते. पण तुम्ही सगळे टेकडीवर जाल, बाबांच्या कबरीशी ते गाणं म्हणाल. तेवढं तरी बीमध्ये म्हणा. डॉर्सीला जमत नसेल तर त्याला केक वाटायला बसव आणि तू एकटा म्हण. बाबांना वर्षातून एकदा भेटायचं ते तरी मान वर करून भेटा. तेवढंही होत नसेल तर बँडवरचं आपलं आडनाव काढून टाका.

राग आला तर येऊ दे. मलाही आलाय.

व्हर्नल


लिक फोर्क
१५ एप्रिल १९६२

व्हर्नल,

पत्र पोचलं. फ्रीजची दारं बसवून तुझं तोंड मात्र सताड उघडं राहायला लागलंय.

पण म्हणणं बरोबर आहे. मी जरा जास्तच लाड केले डॉर्सीचे. त्याला सांगितलंय, गळा शेकून ठेव. सजावटीच्या रविवारी बीमध्ये होईल.

हे पत्र तीन शाईंत दिसेल. पेन दगा देतंय. दुसरं काही नाही.

वांडाला आराम दे. मुलगा झाला तर गिटार शिकवू नकोस, घर सोडतात.

आर्व्हिल


लिक फोर्क
१६ मे १९६२

व्हर्नल,

घाईत लिहितेय. एस्टिल ट्रकपाशी थांबलाय, पत्र टपालात टाकून येईल.

दादाला लिही की ए चालेल. जीसुद्धा चालेल. लिही की रागाच्या भरात बोललो, पट्टीत काय आहे, बाबांना चालेल. तुझ्या शब्दात लिही, माझं नाव घेऊ नकोस. का ते विचारू नकोस. तू लहानपणी माझं कधी ऐकलं नाहीस, हे एवढं ऐक.

तो रोज दुपारी गोठ्यामागे जाऊन सराव करतो. मला वाटतं त्याला वाटतं आम्हाला ऐकू येत नाही.

लोरीन


डेटन
२२ मे १९६२

ताई,

मुलगी झाली. शनिवारी, पाच आठवडे आधीच. चार पौंडही नाही. काचेच्या पेटीत ठेवलीय, आत हवा सोडतात. मला फक्त काचेतून बघू देतात. तिची छाती माझ्या अंगठ्याएवढी आहे आणि सारखी वरखाली होते. मी बाहेर उभा राहून मोजतो. मोजून काय होतं? पण नर्स हाकलून देईपर्यंत मोजतो. वांडा बरी आहे, रडते फक्त. मी दुपारच्या पाळीला जातो, दारं बसवतो, परत येतो.

तुझं पत्र मिळालं. ताई, तू त्या डॉर्सीची एवढी वकिली का करतेस? दादा गोठ्यामागे सराव करतोय, त्याला अजून हौस आहे, आणि तू मला सांगतेस त्याला मागे ओढ. मी नाही लिहिणार असं.

उलट त्याला सांग, की मला या घडीला दुसरं काही नको. रविवारी टेकडीवर ते गाणं बीमध्ये झालं एवढं कळू दे. इथे माझ्या हातात काही नाही. निदान तिथे काहीतरी जागच्या जागी आहे असं वाटेल.

व्हर्नल


लिक फोर्क
२९ मे १९६२

व्हर्नल,

आधी मुलीचं लिही. पत्राची वाट बघत नाही, रोज टपालापर्यंत चालत जाते.

आता ऐक. मी शपथ मोडतेय.

डॉर्सीच्या गळ्याला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं. दादाच्या छातीत कोळसा आहे. डिसेंबरपासून. मार्चमध्ये तुला खोटं लिहिलं ते मी लिहिलं. दादाने सांगितलं म्हणून, पण हात माझा होता.

तुझं पत्र शनिवारी आलं. मी ते वाचून टेबलावर ठेवलं आणि बाहेर फुलं करायला बसले, यंदा कागदाची दीडशे करायची होती. आत आले तर दादा ते वाचत होता. पत्र खाली ठेवून म्हणाला, "पोरगी झाली व्हर्नलला." मग म्हणाला, "वकिली बंद कर, लोरीन." मी म्हटलं, दादा, तुझ्या पाया पडते. तो म्हणाला, "तिच्यासाठी एकदा. मग जी तर जी."

रविवारी एस्टिल त्याला पहाटेच ट्रकने टेकडीवर घेऊन गेला, म्हणजे त्याला चढताना कोणी बघू नये. लोक आले तेव्हा तो बाबांच्या कबरीवरची माती सारखी करत बसला होता, जसा काही सगळ्यांच्या आधी चालत आलाय. उपदेशक एक तास दहा मिनिटं बोलला. मग चादरी अंथरल्या, कोंबडी, मक्याचा पाव, बीन्स, माझा सफरचंदाच्या थरांचा केक. दादाने काही खाल्लं नाही. म्हणाला, "खाल्लं की आवाज जड होतो."

मग आम्ही उभे राहिलो. डॉर्सीने हळूच विचारलं, "कोणती?" दादा म्हणाला, "बी." एस्टिलने खिशातून कॅपो काढला. तो आणलाय हे मला माहीत नव्हतं. लावायला त्याने एवढा वेळ घेतला की मला वाटलं आता तो बोलेल. त्याने चिमटा घट्ट दाबून बसवला. हॉबर्टमामाने डोळे उघडले. वाजवताना त्याचे उघडे डोळे मी पहिल्यांदा बघितले.

पहिलं कडवं असं लागलं की काय सांगू. डॉर्सी खालून सरळ, आणि त्याच्यावर दादा. तू आणि तो म्हणायचात तसंच. त्याहून बरं, रागावू नकोस. बायका चमचे खाली ठेवून बसल्या. दुसऱ्या कडव्यात पूल वाहून जातो त्या ओळीला दादाने तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. तोंड उघडं, गळ्याच्या शिरा उभ्या, आवाज नाही.

डॉर्सीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चाल सोडून तिथल्या तिथे वर गेला आणि दादाची ओळ उचलली. त्याचा गळा बीच काय, सीलाही पुरला असता. चाल मोकळी पडली ती एस्टिलने धरली. आमच्या लग्नापासून लोकांत तोंड न उघडलेल्या एस्टिलने. आणि दादा, पाळी झाली की मायक्रोफोनपासून मागे सरकतात ना, तसा मागे सरकला. मायक्रोफोन कुठे होता तिथे? मागे सरकत सरकत त्याची पाठ माझ्या बेसला टेकली. मी त्याला आणि बेसला मिळून खांद्याने तोलून धरलं आणि वाजवत राहिले, कारण तो दातांतून म्हणाला, "थांबू नकोस." त्याच्या मँडोलिनवरची नखं निळी झाली होती.

गाणं संपलं. लोकांना काही कळलं नाही. ओकीची आई डॉर्सीला म्हणाली, "गळा सुधारला की रे मेल्या, मग इतके दिवस काय झोपा काढत होतास?" डॉर्सी म्हणाला, "मध घेतो, मावशी." पाच महिने त्याच्याच दुकानात, त्याच्याच खुर्चीत बसून लोक त्याची टर उडवतायत आणि तो त्यांच्या दाढ्या करतोय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दादा आमच्याकडेच आहे. तीन उशा लावून बसवलाय, आडवा होता येत नाही. त्याच रात्री हॉस्पिटलात नेलं होतं, एक दिवस ठेवून घरी पाठवला. म्हणाले, करण्यासारखं काही नाही.

तुझ्या पत्रामुळे झालं असं मी म्हणत नाही. माझ्या खोट्यामुळे झालं म्हण. म्हण काहीही.

लोरीन


डेटन
३ जून १९६२

ताई,

तुझं पत्र पाळीवर जाताना मिळालं. फाटकापाशी उभ्याने वाचलं. आत गेलो आणि पहिल्या चार दारांना कड्या उलट्या बसवल्या. फोरमन ओरडला, तेव्हा काढून सुलट्या बसवल्या.

मी त्याला लिहिलं की मान वर करून भेट. ताई, मी हे त्याला लिहिलं. ज्याला टेकडी चढवत नव्हती त्याला मी लिहिलं, तू वर ये. पट्टी उतरली म्हटल्यावर एखादं पोर म्हणालं असतं की म्हणणाऱ्याला बरं नसेल. मला आधी अपमान दिसला. आपल्या घराला रोगापेक्षा अपमान लवकर दिसतो.

इथे एक काचेच्या पेटीत, तिथे एक उशांवर, आणि दोघांनाही मी श्वास देऊ शकत नाही. मी फक्त दारं बसवू शकतो. मुलगी अजून आहे. चार पौंड दोन औंस. पाळीवर गेलो नाही तर हॉस्पिटल कुठून भागवू? आणि गेलो तर दादा?

त्याची माफी मागणारं पत्र तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. उद्या पुन्हा बसतो.

व्हर्नल


लिक फोर्क
९ जून १९६२

व्हर्नल,

माफीचं पत्र टाकलं असशील तर पोस्टात जाऊन परत माग. टाकलं नसशील तर टाकू नकोस.

सोबत दादाचं पत्र आहे. त्यानेच लिहिलंय, चार दिवस घेतले. मी हात धरू का विचारलं तर पेन्सिल फेकून मारली. वाच म्हणजे कळेल. तुला काही माहीत नाही असं तो धरून चाललाय, आणि ते तसंच राहू दे. त्याच्याकडे आता ना छाती उरली ना आवाज. तुला कळू दिलं नाही, एवढी एकच गोष्ट त्याला साधली असं त्याला वाटतं. ती मी हिसकावून घेतलीच आहे. त्याला कळू नये एवढंच आपल्या हातात आहे.

डॉक्टर म्हणाला, पानं गळेपर्यंत. एस्टिलला वाटतं तेवढंही नाही.

लोरीन


(सोबतचं)

व्हर्नल,

मुलीचं अभिनंदन. वजन कळवत राहा.

रविवारी बीमध्ये केलं. पहिलं कडवं छान झालं. दुसऱ्याला डॉर्सीचा गळा गडबडला, तेव्हा मी मागे सरकून त्याला मोकळी जागा दिली, म्हणजे लाजायला नको. मग सावरला. तुझी शंका खरी होती, गळा कच्चाच आहे त्याचा. पण माणूस भला आहे. त्याला फार बोलू नकोस.

मला थोडी सर्दी आहे. लोरीन उगाच उशा लावते.

आर्व्हिल


डेटन
१४ जून १९६२

दादा,

पत्र मिळालं. मुलगी काल पेटीतून बाहेर आली. पाच पौंड. वांडाची आई आलीय, ती दोघींकडे बघेल. फोरमनकडे पुढच्या शुक्रवारपासून चार दिवस मागितलेत. नाही म्हणाला तर दारं त्याने बसवावीत. शनिवारी, तेवीस तारखेला, दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचतो.

डॉर्सीबद्दल. मी म्हटलंच होतं तुला! पण तू लिहिलंस तसं, माणूस भला आहे, आणि मी त्याला फार टाकून बोललो. एप्रिलमधलं ते पत्र म्हणजे नुसता गाढवपणा होता. त्याने ते मनावर घेतलं असेल तर त्याला सांग, ज्याने लिहिलं त्याला तेव्हा काही कळत नव्हतं. त्याला सांग, त्या मूर्खाला याची फार लाज वाटते. त्याला वाईट वाटू नये असं तुझ्या शब्दांत सांग. तुला ते चांगलं जमेल.

आता मी येतोय तर आपण ते गाणं बसून म्हणू. उभं राहायची गरज नाही, डॉर्सी दमतो. वरचा सूर यावेळी मी लावतो, तू खालून चाल धर, नुसती गुणगुणली तरी चालेल. आणि पट्टी खाली घेऊ. जीसुद्धा नको, त्याला तीही जड जात असेल. आणखी खाली, एफ घेऊ. एस्टिल शिव्या देईल, एफमध्ये बँजोवाल्यांना नेहमी शिव्या सुचतात, देऊ दे. बाबांना चालेल. मला चालेल. दादा, मला कुठलीही पट्टी चालेल.

तुझ्यासाठी म्हणत नाही हं. डॉर्सीच्या गळ्यासाठी म्हणतोय.

व्हर्नल


लिक फोर्क
१८ जून १९६२

व्हर्नल,

तुझं पत्र आज सकाळी आलं. त्याला आता अक्षरं लागत नाहीत, म्हणून मीच वाचून दाखवलं. डॉर्सी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्याची दाढी करायला येतो, तोही होता, साबण लावलेला ब्रश हातात धरून उभा. गाढवपणाशी आले तेव्हा मी कागद खाली केला. दादा म्हणाला, "पुढे वाच." शेवटपर्यंत वाचलं. तो खिडकीकडे बघत होता. मग हसायला लागला, आणि ते हसू खोकल्यात गेलं, आणि आम्ही दोघांनी त्याला धरलं.

एस्टिलने दारातून ऐकलं होतं. तेव्हापासून पायरीवर बसून बँजोवर एफ काढतोय. दुपार झाली, अजून एक शिवी नाही.

जेवणानंतर दादाने मला जवळ बोलावलं. एकेका शब्दाला थांबत होता. म्हणाला, "व्हर्नलला लिही. डॉर्सी म्हणतो, एफ चालेल."

शनिवारची वाट बघू नकोस.

लोरीन